गाणे वाजते, गीतकाराचे काय?

गेल्या ईदनंतर आमच्या मोहल्ल्यात एक लग्न होते. मंडपात स्पीकरवर कव्वाली लागली आणि जेवता जेवता आमचा पुतण्या थांबला. "चाचा, हे माझे आहे," एवढेच म्हणाला. मुखडा त्याचा, तिन्ही अंतरे त्याचे. मोबाइलवर शोधले तर गायकाचे नाव होते, संगीतकाराचे होते, कंपनीचे तर मोठ्या अक्षरात. गीतकाराचा पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याने तीन गाण्यांचे मिळून सहा हजार रुपये घेतले होते आणि इंग्रजीतल्या चार पानांवर सह्या केल्या होत्या. त्या पानांची प्रतही त्याच्याकडे नव्हती.

संगीत ऐकावे की नाही, यावर आपल्या घरांत एकमत नाही. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण आपली मुले हे काम करतात, आणि पूर्वीपासून करत आली आहेत. मजरूह सुलतानपुरी युनानी हकीम होते. १९४५ मध्ये मुशायऱ्यासाठी मुंबईला आले, तिथे निर्माते कारदार यांनी त्यांना ऐकले, नौशादसाहेबांनी चाल देऊन तिच्यावर शब्द बसवायला सांगितले आणि 'शाहजहाँ'ची गाणी त्यांच्याकडे आली. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले गीतकार. हसरत जयपुरी मुंबईत बस कंडक्टर होते; त्यांनाही पृथ्वीराज कपूर यांनी मुशायऱ्यातच हेरले. (आजच्या मुशायऱ्यात कोणी निर्माता येऊन बसत असेल का, देव जाणे!)

आता दार बहुधा संगीतकाराच्या ओळखीतून उघडते. तो फोनवर चाल पाठवतो, तिच्यात 'ला ला ला' किंवा कसलेही शब्द भरलेले असतात. त्या मापात बसणारा मुखडा आधी द्यायचा, आणि एक नव्हे, तीन-चार. आवडला तर अंतरे. कित्येकदा तीच चाल आणखी दोघांना दिलेली असते. यात गैर काही नाही, धंदा असाच चालतो. फसगत होते ती पुढे, कागदावर.

१९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता, की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी लिहून घेतलेल्या गाण्याचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्यानंतर अनेक वर्षे गीतकाराच्या हाती बहुधा एकरकमी मानधनच पडे. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते. आता हक्क लिहून दिला तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकाराचाच राहतो. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून तो कुणाला देता येत नाही, आणि तसे लिहून घेतले असेल तर ते कलम रद्द. सिनेमागृहात सिनेमाबरोबर वाजलेले गाणे एवढे यातून वगळले आहे.

पुतण्याचा विश्वास बसेना. "मी तर सगळेच लिहून दिले, वकीलसाहेब." वकिलांनी समजावले, की लग्नसमारंभात गाणे वाजवायला कायद्यातच सूट आहे, म्हणून त्या मंडपाचे पैसे मिळणार नाहीत, पण इंटरनेट, रेडिओ, हॉटेल इथले मागता येतात. ते गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून मुंबईत आहे. गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होऊ शकतात, आणि त्यांचे वारसही. कुणाचे अब्बा किंवा शौहर गाणी लिहीत असतील आणि आज हयात नसतील, तर घरातली जुनी कागदपत्रे रद्दीत घालू नका. शब्दांवरचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून सहीआधी या दोन ओळी शोधा, आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

हे सगळे ऐकून आमच्या अम्मी पुतण्याला म्हणाल्या, "उधारीचा व्यवहार लिहून ठेवा असे सूरह बकरात सांगितले आहे. आणि तू लिहिलेले वाचलेही नाहीस?"

कंपनीला कराराची प्रत मागणारे पत्र गेले. उत्तर नाही. दुसरे वकिलांमार्फत गेले आहे. परवा नव्या गाण्याचा करार आला, तेव्हा पुतण्या डिक्शनरी घेऊन रात्रभर बसला होता.