खिडकीला सर्वाधिकार कशाला?

लिनक्स प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो आणि ज्याचा क्रमांक शून्य, त्या ‘रूट’ला फाइलींवरील परवानग्यांची नेहमीची बंधने लागू होत नाहीत. रोजचे काम साध्या खात्यातून करावे आणि प्रणालीत बदल करण्यापुरते रूटचे अधिकार उसने घ्यावेत, यासाठी १९८०च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात ‘सुडो’ ही आज्ञा तयार झाली. एका ओळीच्या कामाला ती सोयीची आहे. पण तिच्याच आधारे खिडक्या-बटणांचा, म्हणजे ग्राफिकल, प्रोग्राम सुरू केला की धोका अनेक पटींनी वाढतो.

कारण त्या प्रोग्रामसोबत चित्रे उलगडणारी, अक्षरे रेखाटणारी, फाइल निवडण्याची चौकट दाखवणारी कोडची अवाढव्य लायब्ररीही रूटच्या अधिकारात चालू लागते आणि तिच्यातील एखादी चूक सगळी प्रणाली घुसखोराच्या हाती देऊ शकते. त्यात १९८७ साली आलेल्या ‘एक्स ११’ या पडदा सांभाळणाऱ्या व्यवस्थेत प्रोग्राम एकमेकांपासून विलग नसतात. एका खिडकीत टंकलेली अक्षरे दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येतात, इतकेच नव्हे तर तिच्याकडे खोटे टंकनही पाठवता येते, त्यामुळे रूटची खिडकी उघडी असताना साध्या खात्यातील घातकी प्रोग्रामलाही तिच्यामार्फत हुकूम सोडता येतात. याहून क्षुल्लक, पण नवख्यांना हटकून भोवणारी गोष्ट म्हणजे वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील सेटिंगच्या फाइली रूटच्या मालकीच्या होणे. ‘एक्सऑथॉरिटी’ ही फाइल अशी हातची गेली, तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा समोर येतो.

‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेने खिडक्या परस्परांपासून वेगळ्या केल्या. ‘उबंटू’ या लिनक्स वितरणाच्या ऑक्टोबर २०१७च्या आवृत्तीत ती मूळ निवड झाली, तेव्हा डिस्कचे विभाजन करणारा ‘जीपार्टेड’ रूट म्हणून उघडेनासा झाला. तक्रारी झाल्या, तरी दोष त्या प्रोग्रामच्या घडणीत होता, कारण डिस्कला हात लावण्याचा अधिकार खिडकीला लागतच नाही.

‘पोलकिट’ ही यंत्रणा नेमके हेच वेगळे करते. खिडकी साध्या खात्यातच राहते, ती पार्श्वभूमीत रूट म्हणून चालणाऱ्या छोट्या सेवेला एक ठराविक काम सांगते, ती सेवा पोलकिटला विचारते आणि नियमांनुसार गरज असेल तरच पासवर्ड मागितला जातो. अर्थात ही यंत्रणाही निर्दोष नाही: तिच्या ‘पीकेएक्झेक’ या आज्ञेत २००९पासून दडलेली आणि कोणत्याही स्थानिक वापरकर्त्याला रूट होऊ देणारी त्रुटी जानेवारी २०२२ मध्ये उघड झाली. तरीही छोट्या सेवेची तपासणी शक्य आहे, अवाढव्य लायब्ररीची नाही.

प्रणालीची एखादी फाइल बदलायची असल्यास संपादकालाच सुडोने उघडू नये. ‘सुडोएडिट’ वापरावे, म्हणजे फाइलची तात्पुरती प्रत साध्या अधिकारात उघडते आणि जतन केलेला बदल नंतर मूळ जागी लिहिला जातो.