खुर्चीतला माणूस आणि वाचकाची उत्सुकता



खून, चोरी आणि त्याच्या जोडीला स्त्रीपुरुषांचे चोरटे संबंध, अशा मसाल्याची छोटी कथा तरुणांच्या हाती दिसली की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. तरीही या कथा वाचल्या जातात. पूर्वी त्या उशीखाली लपवलेल्या मासिकात असत, आज मोबाईलवर असतात. रागावण्यापूर्वी आपण एक प्रश्न विचारायला हवा. त्यांत असे काय आहे, की वाचक ओढला जातो? याचे उत्तर शोधायला टोकियो शहराकडे पाहावे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी तेथे अशा कथांना मोठा बहर आला होता.

१९२० साली टोकियोत ‘शिन सेइनेन’, म्हणजे ‘नवा तरुण’, हे मासिक निघाले. खेड्यातल्या तरुणांनी परदेशी जाऊन नशीब काढावे, हा उपदेश करणे हा त्याचा मूळ हेतू होता. ज्यांच्या पूर्वजांनी समुद्र ओलांडला, त्या आपल्याला याची मौज वाटेल. पण वाचकांना उपदेशापेक्षा त्यातल्या गुप्तहेरकथाच अधिक आवडल्या. १९२३ मध्ये याच मासिकातून हिराई तारो (१८९४–१९६५) हा लेखक पुढे आला. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाचे नाव जपानी वळणाने घेऊन त्याने ‘एडोगावा राम्पो’ हे टोपणनाव धारण केले होते.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला भूकंप व आगीने टोकियो उद्ध्वस्त झाले. एक लाखाहून अधिक माणसे त्या आपत्तीत गेली. पुन्हा उभ्या राहिलेल्या शहरात उपाहारगृहे आली, चित्रपटगृहे आली, भाड्याच्या खोल्या आल्या. भिंतीला भिंत लागून राहणारी माणसे एकमेकांना ओळखत नव्हती. शेजारच्या खोलीत काय चालले असेल, ही उत्सुकता प्रत्येकाच्या मनात होती. तीच राम्पोने हेरली.

१९२५ सालच्या ‘छतावरचा भटक्या’ या कथेत आयुष्याला कंटाळलेला एक भाडेकरू माळ्यावरून फिरत इतरांच्या खोल्यांत डोकावतो. नुसत्या पाहण्याने भागेनासे होते, तेव्हा तो झोपलेल्या शेजाऱ्याच्या तोंडात वरून विष सोडतो. त्याच वर्षीच्या ‘मानवी खुर्ची’त एक कुरूप सुतार स्वतः बनवलेल्या खुर्चीच्या पोटात लपतो. आरंभी हेतू चोरीचा असतो. पुढे वर बसणाऱ्या स्त्रियांच्या स्पर्शाचे त्याला वेड लागते. हे सारे तो एका लेखिकेला पत्राने कळवतो, आणि वाचता वाचता तिला आपल्याच खुर्चीची भीती वाटू लागते.

येथे शृंगाराचे उघडे वर्णन फारसे नाही. ओढ आहे ती चोरून पाहण्याची. थोडक्या पानांत वाचकाला भोकातून डोकवायला लावायचे आणि लगेच ‘तूही यात सामील आहेस’ असे जाणवून द्यायचे, ही राम्पोची हातोटी. कथा लांबली असती तर ही धग टिकली नसती.

सरकारला मात्र वेगळीच भीती वाटली. १९२९ सालच्या ‘सुरवंट’ या कथेत युद्धात हातपाय गमावलेला एक अधिकारी व त्याची पत्नी आहे. तिची वासना आणि क्रौर्य त्यात निर्दयपणे दाखवले आहे. चीनशी युद्ध चालू असताना, १९३९ मध्ये, ही कथा पुनर्मुद्रणातून वगळण्याचा हुकूम झाला. पदकांच्या मागे काय दडलेले असते हे लोकांनी पाहू नये, असे राज्यकर्त्यांना वाटले असले पाहिजे.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा घरोघर वाचल्या गेल्या. शृंगाराचा प्रश्न कोर्टात गेला तो चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेमुळे. ती १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली होती. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या लेखकाला १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले.

म्हणजे सरसकट बंदी हा उपाय नव्हे. मात्र सरसकट मोकळीकही नको. ज्या कथेत स्त्री केवळ देह उरते आणि तिची हत्या ही नुसती करमणूक होते, ती कथा वाचकाचे मन बोथट करते. जी कथा आपल्याच मनातल्या अंधाराची आपल्याला लाज वाटायला लावते, तिच्यात काही सत्त्व असते. हा फरक तरुणांना समजावून सांगणे घराचे आणि शाळेचे काम आहे. नुसते पुस्तक हिसकावून ते होणार नाही.

आणि लहान मुलांचे काय? त्याचेही उत्तर राम्पोच देतो. १९३६ पासून त्याने मुलांसाठी बालगुप्तहेरांच्या गोष्टी लिहिल्या. त्यांत वासना नाही, रक्तपात नाही. पण पुढे काय होणार ही हुरहूर तीच. ‘पुढे काय?’ ही भूक वाईट नव्हे. त्या भुकेला योग्य वयात योग्य घास मिळावा, एवढी काळजी आपण घ्यावी.