वाइनची चव घ्यायला शिकणे : तुरटपणापासून तीन पेल्यांच्या चाचणीपर्यंत

(हे टिपण २१ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे.)

वाइन चाखण्याच्या कार्यक्रमात नवखा माणूस सगळ्यांत आधी मान डोलवायला शिकतो. शेजारचा ‘ब्लॅककरंट’ म्हणाला की आपणही हो म्हणतो. ते फळ आपण कधी खाल्लेले नसते! व्हाइटफील्डमध्ये राहणाऱ्या तुम्हाला अशी आमंत्रणे येत असतील, तर जाण्यापूर्वी एक प्रश्न सोडवू या. आपल्याला खरोखर फरक कळतो आहे का, हे तपासायचे कसे?

आधी चव आणि वास वेगळे करा. नाक चिमटीत धरून घोट घ्या. आंबट, गोड, कडू आणि तुरट एवढेच कळेल. नाक सोडले की फळे, फुले, मसाले जाणवू लागतील, कारण तोंडातला वास घशामागून नाकात पोहोचतो. आपण जिला ‘चव’ म्हणतो त्यातला बराच भाग हा वासच असतो.

तुरटपणाच्या बाबतीत मराठी माणसाची सुरुवातच पुढून होते. जांभूळ, आवळा, सुपारी खाल्लेल्याला हा शब्द समजवावा लागत नाही. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. म्हणजे तुरटपणा बराचसा स्पर्शच आहे. घरी कोरा चहा एकदा ३ मिनिटे आणि एकदा १० मिनिटे मुरवून दोन्ही शेजारी ठेवून प्या. दुसऱ्या कपात टॅनिन जास्त. रेड वाइन सालींसकट आंबवतात म्हणून ती तुरट लागते. व्हाइट वाइनचा रस सालींपासून आधीच वेगळा करतात. आंबटपणासाठी पाण्यात लिंबाचे थेंब वाढवत जा आणि लाळ किती सुटते ते पाहा.

वासाची उजळणी बाजारातच होते. बंगलोर ब्लू ही बेंगळुरूच्या आसपास पिकणारी काळी द्राक्षे (२०१३ पासून भौगोलिक मानांकन) हातात चुरडून हुंगा. द्राक्षाच्या गोळीसारखा जो वास येतो, तो मिथाइल अँथ्रानिलेटचा. कॅबर्ने किंवा शिराझमध्ये तो सापडणार नाही, कारण त्या युरोपीय वंशाच्या जाती आहेत. नंदी टेकडीच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबाने १९८८ मध्ये लावल्या त्या अशाच जाती. सोव्हिन्यों ब्लांकमध्ये ‘गूजबेरी’ शोधत बसू नका. चिरलेली ढोबळी मिरची आणि पिकलेला पेरू आठवा. मिरचीच्या वासामागचे पायराझिन त्या वाइनमध्येही असते. नाशिकच्या सुलाची २००० साली बाजारात आलेली पहिली वाइन याच जातीची होती, त्यामुळे बाटली मिळायला अडचण नाही.

आता मुख्य भाग. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात बोर्डोच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. हे विद्यार्थी वाइनशास्त्रच शिकत होते. डोळा नाकाला फसवतो, आणि लेबल व किंमत तर त्याहून जास्त, असे माझे मत.

म्हणून तीन पेल्यांची चाचणी करा. दोन पेल्यांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. कोणत्या पेल्यात काय, हे ओतणाऱ्यालाच माहीत. रंगात फरक असेल तर डोळे मिटून प्या. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १/३. सहा फेऱ्या केल्या आणि चार बरोबर आल्या तर हुरळू नका, कारण निव्वळ नशिबाने चार किंवा जास्त येण्याची शक्यता ७३/७२९, म्हणजे सुमारे १० टक्के. पाच किंवा जास्तसाठी ती १३/७२९, म्हणजे २ टक्क्यांहून कमी. पाच आल्या तर तुमच्या जिभेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. सुरुवात ढोबळ फरकाने करा, शेनिन ब्लांक विरुद्ध सोव्हिन्यों. एकाच जातीच्या दोन बाटल्या नंतर.

थुंकायला लाजू नका, व्यावसायिक चाखणारेही थुंकतात. प्रत्येकी १५ मिली म्हटले तरी १८ पेल्यांचे २७० मिली होतात, बाटलीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. तेवढी पोटात गेल्यावर सहाव्या फेरीचा निकाल कुणीही गंभीरपणे घेऊ नये. मध्ये पाणी आणि साधा पाव घ्या. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम युरोपच्या थंड खोल्यांचा आहे. एप्रिलमध्ये बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर अल्कोहोलचा वासच पुढे येतो.