घरचे सोयाबीन घरच्या पिठात

विदर्भ आणि मराठवाड्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीनने कापूस, ज्वारी, मूग, उडीद या पिकांच्या बऱ्याच क्षेत्रात जागा मिळवली. खरिपाचे पैसे दिवाळीच्या आसपास हातात देणारे पीक म्हणून शेतकरी बंधू त्याकडे पाहतात. मळणी झाली की पोती थेट लातूर, वाशिम, अकोला किंवा जवळच्या बाजार समितीत जातात. तेथून माल तेल गिरणीत जातो, तेल काढले जाते आणि उरलेली पेंड प्रामुख्याने कोंबड्यांच्या खाद्यात जाते. याच पेंडीपासून केलेल्या सोयावड्या पाकिटात भरून किराणा दुकानात येतात आणि सोयाबीन पिकविणारे घर त्या विकत घेते. घरासाठी तूर ठेवतो, हरभरा ठेवतो, गहू-ज्वारी ठेवतो. सोयाबीन मात्र एक पायलीही कोणी ठेवत नाही. त्याला वास येतो, ते पचत नाही, ते तेलाचे पीक आहे, अशी कारणे सांगितली जातात. पहिली दोन कारणे खरी आहेत, परंतु ती कच्च्या सोयाबीनची आहेत. योग्य रीतीने शिजवून, वाळवून पीठ केले तर दोन्ही दूर होतात.

सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ते ४० टक्के प्रथिने व १८ ते २० टक्के तेल असते. तूर किंवा हरभऱ्याच्या डाळीत प्रथिने २१ ते २२ टक्के, गव्हाच्या पिठात साडेदहा, ज्वारीत सुमारे १० आणि तांदळात ८ टक्क्यांच्या जवळपास असतात. आता भावाचा हिशेब पाहू. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि तुरीचा ८,००० रुपये जाहीर झाला. या भावाने सोयाबीनमधून १०० ग्रॅम प्रथिने साधारण १४ रुपयांत पडतात, तर अख्ख्या तुरीतून तेवढ्याच प्रथिनांना ४० रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. प्रत्यक्ष बाजारात सोयाबीन हमीभावाखाली विकावे लागते तेव्हा तर घरातील हा दाणा आणखी स्वस्त ठरतो. अर्थात, सोयाबीन वरणाची जागा घेऊ शकत नाही. तुरीसारखे ते मऊ शिजून एकजीव होत नाही आणि त्याला ती चवही नाही. म्हणूनच त्याची खरी जागा पिठात आहे.

कच्चे पीठ का चालत नाही

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचा घटक असतो. आपल्या आतड्यात प्रथिनांचे पचन करणारा ट्रिप्सिन हा पाचक घटक आहे. त्याच्या कामात हा घटक अडथळा आणतो. परिणामी खाल्लेली प्रथिने अंगी लागत नाहीत, पोट फुगते, जुलाब होतात. कोंबडीच्या पिलांना कच्चे सोयाबीन भरडून घातले तर त्यांची वाढ खुंटते. म्हणूनच पशुखाद्यातही उष्णतेची प्रक्रिया झालेली पेंड वापरतात. माणसाच्या बाबतीत तर ही काळजी अधिक घेतली पाहिजे.

हा घटक ओल्या उष्णतेने, म्हणजे उकळण्याने किंवा वाफेने, निष्क्रिय होतो. कोरडे भाजणे तितके भरवशाचे नाही. कढईत भाजताना दाणा बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. गव्हाबरोबर मूठभर कच्चे सोयाबीन गिरणीत टाकण्याची पद्धत काही घरांत आहे. पोळी तव्यावर भाजली जाते, मग त्यात काय बिघडते, असे त्यावर विचारले जाते. पण पोळी तव्यावर एक-दोन मिनिटेच असते आणि दाण्याला उकळत्या पाण्यात अर्धा तास लागतो. ही पद्धत सोडून द्यावी. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने या घटकाचा मुख्य प्रकार नसलेला एनआरसी १२७ हा वाण विकसित केला आहे. तथापि, आपल्या शेतात कोणताही वाण असला तरी दाणा शिजवूनच वापरावा.

सोयाबीनचा जो हिरवट, कच्चट वास येतो त्याचे कारण वेगळे आहे. दाणा फुटून त्याला पाणी लागले की त्यातील एक विकर तेलावर काम करू लागते आणि त्यातून हा वास तयार होतो. हे विकर उष्णतेने लगेच बंद पडते. म्हणून दाणे थंड पाण्यात घालून भांडे चुलीवर चढवू नये. आधी पाणी खळखळ उकळावे आणि मग त्यात दाणे सोडावेत. एवढ्या एका गोष्टीने वासात फार मोठा फरक पडतो.

पीठ करण्याची पद्धत

सर्वप्रथम दाणा कोठून घेतला हे पाहावे. पेरणीतून उरलेले, बुरशीनाशक चोळलेले बियाणे कोणत्याही परिस्थितीत खाण्यास वापरू नये. ते कितीही वेळा धुतले तरी खाण्यायोग्य होत नाही. काढणीच्या वेळी पावसात भिजून काळपट झालेला, बुरशी आलेला मालही बाजूला काढावा. तिसरी बाब म्हणजे धोतरा. सोयाबीनच्या शेतात धोत्र्याची झाडे असतात आणि मळणीत त्याच्या बिया मालात मिसळतात. या बिया विषारी आहेत. त्या लहान, चपट्या व मूत्रपिंडाच्या आकाराच्या असतात. चाळणीने बऱ्याच निघून जातात, परंतु त्यानंतरही ताटात घेऊन दाणे डोळ्यांनी निवडावेत.

स्वच्छ केलेले १ किलो सोयाबीन भरपूर पाण्यात ६ ते ८ तास भिजवावे. उन्हाळ्यात पाणी आंबते, म्हणून ते मध्ये एकदा बदलावे. भिजलेले दाणे हाताने चोळले की साले सुटतात व पाण्यावर तरंगतात. ती काढून टाकावीत. ही साले जनावरांना आंबोणात घालण्यापूर्वी उकळून घ्यावीत. गावात डाळ मिल असेल तर कोरड्या सोयाबीनची डाळ करून आणल्यास चोळण्याचे काम वाचते आणि डाळ भिजवण्याचीही गरज नसते.

मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाणी उकळावे. त्यात अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा टाकल्यास वास आणखी कमी होतो, परंतु सोडा याहून जास्त नको. मग दाणे थोडे थोडे सोडावेत, म्हणजे उकळी मोडत नाही. पुन्हा चांगली उकळी आली की तेथून २५ ते ३० मिनिटे मोजावीत. सोयाबीनला फेस फार येतो. पातेले अर्धेच भरावे आणि झाकण पूर्ण लावू नये. याच फेसामुळे कुकरची शिटी चोंदण्याचा धोका असतो, म्हणून या कामाला उघडे पातेलेच बरे. दाणा दोन बोटांत दाबल्यावर चेपला आणि चावून पाहता कच्चट चव लागली नाही म्हणजे तो शिजला असे समजावे.

शिजलेले दाणे चाळणीत उपसून एकदा साध्या पाण्याने धुवावेत आणि स्वच्छ कापडावर पातळ पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवावेत. वर जाळी किंवा पातळ साडी घालावी. दाताखाली कट्‌कन फुटला तरच दाणा वाळला. अर्धवट वाळलेल्या दाण्याचे पीठ चार दिवसांत कुबट होते. पावसाळी हवेत हे काम काढूच नये. मार्च ते मे हा काळ यासाठी उत्तम. पापड-कुरडयांच्या हंगामातच तीन-चार महिन्यांची बेगमी करून ठेवता येते. ही बेगमी मात्र वाळलेल्या दाण्यांची असावी, पिठाची नव्हे.

गिरणीवाले नुसते सोयाबीन दळायला नाही म्हणतात आणि त्यात त्यांचे चुकत नाही. दाण्यात तेल जास्त असल्याने जात्याच्या पाळीला पीठ चिकटते. त्यासाठी वाळलेले सोयाबीन धान्यात मिसळूनच दळावे. ९ किलो गहू आणि १ किलो शिजवून वाळवलेले सोयाबीन असे एकत्र केले की दळण विनातक्रार होते आणि प्रमाणही आपोआप साधते.

एवढ्याने काय फरक पडतो?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम व ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत व बाळ अंगावर पीत असताना ही गरज बरीच वाढते. नुसत्या गव्हाच्या ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्यांतून ३१ ते ३२ ग्रॅम प्रथिने मिळतात. वरील मिश्र पिठाच्या तेवढ्याच पोळ्यांतून सुमारे ४० ग्रॅम मिळतात. ही ८ ग्रॅमची वाढ पाव लिटर दुधाइतकी आहे आणि तिला खर्च होतो सुमारे दोन रुपयांच्या सोयाबीनचा.

दुसरा फायदा प्रथिनांच्या प्रतीचा आहे. गहू-ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी असते. सोयाबीनमध्ये ते भरपूर आहे. सोयाबीनमध्ये कमी असलेले मेथिओनिन तृणधान्ये पुरवतात. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते आणि शरीराला प्रथिनांचा अधिक उपयोग होतो. वरण-भाताची आणि भाजणीची जोडी जुन्या बायकांनी याच न्यायाने बसवली आहे. त्यांनी अमिनो आम्लाचे नाव ऐकले नव्हते, एवढेच.

पाच माणसांच्या घरात रोज माणशी ३० ग्रॅमप्रमाणे वर्षाला ५५ किलोच्या आसपास सोयाबीन लागते. म्हणजे वर्षाच्या उत्पन्नातून जेमतेम एक कट्टा घरात ठेवायचा आहे.

कोणत्या पदार्थात किती

पोळीसाठी दहा टक्के प्रमाण सर्वांत चांगले. कणीक मळताना पाणी थोडे जास्त लागते आणि ती अर्धा तास झाकून ठेवावी. पोळी मऊ राहते व शेतात नेलेल्या भाकरीच्या फडक्यात दुपारपर्यंत कडक होत नाही. प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर गेले की पोळी लाटताना तुटू लागते आणि मुले ताट बाजूला सारतात.

ज्वारीच्या भाकरीचे गणित जरा नाजूक आहे. ज्वारीच्या पिठाला मुळातच चिकटपणा नसतो, त्यात सोयाबीनने आणखी घट होते. म्हणून आठ-दहा टक्क्यांपेक्षा जास्त घालू नये आणि उकळत्या पाण्याने उकड काढून पीठ मळावे. बाजरीच्या भाकरीलाही हेच लागू आहे.

थालीपीठ आणि धपाटे यांत मात्र हात सैल सोडता येतो. कांदा, लसूण, तीळ, ओवा, कोथिंबीर यांत सोयाबीनचा वास शिल्लक राहत नाही, त्यामुळे पाचास एक हे प्रमाण सहज चालते. भाजणी करताना इतर धान्ये नेहमीप्रमाणे वेगवेगळी भाजावीत व शिजवून वाळवलेले सोयाबीन शेवटी हलकेसे शेकून घालावे.

शेव, चकली व भज्यांसाठी ३ वाट्या बेसनास १ वाटी सोयापीठ घ्यावे. पदार्थ तेल कमी पितो, हा जास्तीचा फायदा. पिठल्यात मात्र बेसनाऐवजी सोयापीठ वापरून चालत नाही. हरभऱ्यात पिष्टमय पदार्थ भरपूर असल्याने पिठले आळते; सोयाबीनमध्ये ते फारच थोडे असतात, त्यामुळे पिठले कितीही ढवळले तरी पातळ पाण्यासारखे राहते. चौथा हिस्सा घातला तर जमते. लाडवासाठी बेसन व सोयापीठ निम्मे-निम्मे घेऊन मंद आचेवर खमंग भाजावे आणि गूळ व शेंगदाण्याचे कूट घालावे. गरोदर व बाळंतीण स्त्रियांसाठी, तसेच शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी हा लाडू सोयीचा आहे.

ज्यांच्याकडे सोयाबीन होत नाही त्यांनी ते मुद्दाम विकत आणून पीठ करावे असे नाही. कोकणातील कुळथाची पिठी, फुटाण्याच्या डाळ्यांचे सातूचे पीठ, मेटकूट ही त्याच कामाची जुनी पिठे आहेत आणि त्यांत २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. फक्त तेलघाण्यावरची शेंगदाण्याची पेंड स्वस्त मिळते म्हणून पिठात मिसळू नये. जनावरांसाठी काढलेल्या पेंडीत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि ते शिजवूनही जात नाही.

साठवण व दक्षता

सोयामिश्रित पिठात तेल असल्याने ते साध्या कणकेपेक्षा लवकर खवट होते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांचे आणि हिवाळ्यात फार तर महिन्याचे दळण एका वेळी करावे व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. सुरुवातीस आठवडाभर पाच टक्केच मिश्रण वापरावे आणि पोटाला सवय झाल्यावर दहावर यावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला हे किंवा कोणतेच पीठ देऊ नये. सोयाबीन खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील किंवा ओठ सुजत असतील तर ते पूर्ण बंद करून डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती सकाळी उपाशीपोटी घेऊन सोयाबीनचे पदार्थ काही तासांनंतर खावेत व गोळी देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगून ठेवावे, कारण सोयाबीनमुळे गोळी शरीरात कमी शोषली जाते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.