आज कसं करमतंय?

सकाळी 9.35. कुलूप काढायला जाते तर चौथीतली दोन मुलं आधीच व्हरांड्यात बसलेली. दिवाळीनंतर हे रोजचंच. घरी आजीला डोळ्यांनी धड दिसत नाही, आईबाप ऊसतोडीला गेलेले, मग घरात बसून करायचं काय? बीड जिल्ह्यातलं आमचं गाव दिवाळी झाली की निम्मं रिकामं होतं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कितीतरी कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मुलं मागे राहतात, आजी-आजोबांजवळ, हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर. शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे.

10.00. परिपाठ. राष्ट्रगीत, 2023पासून राज्यगीत, मग प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका. मी मुलांच्या समोर उभी राहते, कारण मला चेहरे बघायचे असतात. कोणाचे ओठ हलत नाहीत, कोणाचा शेंबूड तसाच आहे, कोण शेजाऱ्यापासून हातभर लांब सरकलंय. आज तिसरीतल्या एका मुलाच्या सदऱ्याची गुंडी एक घर चुकलेली, कॉलर एका बाजूला कानाशी चढलेली. मूठ खिशात. ‘बंधुता’ म्हणतानाही मूठ बाहेर आली नाही. लक्षात ठेवलं.

10.30. हजेरी. आमच्याकडे नाव घेतल्यावर ‘हजर’ म्हणायचं नाही, आज कसं वाटतंय ते एका शब्दात सांगायचं. सुरुवातीला मी भिंतीवर चार चेहऱ्यांचा तक्ता लावला होता: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. दोन महिने सगळा वर्ग ‘आनंदी’ होता. तेच ऐकून बाई खूश होतात, हे मुलांनी ओळखलं होतं. मग एके दिवशी एक मुलगी म्हणाली, “बाई, मला करमंना.” तो शब्द तक्त्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, आजीला विचारून असे शब्द घेऊन या. आले की! हुरहूर, धास्ती, रुसवा, हिरमुसणं, खट्टू होणं, कसनुसं होणं, हरखणं, चुकल्या-चुकल्यासारखं वाटणं, जीव थाऱ्यावर नसणं. तक्ता काढला आणि भिंतीवर हे शब्द लिहिले.

तेव्हापासून माझं शिकवणंच बदललं. कारण या शब्दांमध्ये पुढे काय करायचं तेही असतं. रुसलेल्याला मनवावं लागतं. संतापलेल्याला जरा वेळ द्यावा लागतो, लगेच जवळ गेलं तर तो आणखी भडकतो. हिरमुसलेल्याच्या हातात काम द्यावं, फळा पुसायला सांगावं. ज्याला करमत नाही त्याच्याशेजारी नुसतं बसावं. मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनी घरात पाहिलेलंच होतं. फक्त ते शाळेत चालतं, हे ठाऊक नव्हतं.

गुंडी चुकलेला म्हणाला, “काई नाई.”

11.00. मराठी, मग गणित. हातच्याची वजाबाकी, जोडीजोडीने. एकाने सोडवायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं, मग अदलाबदल. आमच्याच जिल्ह्यात 2009मध्ये शांतिलाल मुथ्था यांचा ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम 500 जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला. जोडीत आणि गटात बोलतं करायचं, हे त्यातलं मला सगळ्यात उपयोगी वाटतं. दिल्लीच्या सरकारी शाळांनी 2018मध्ये मनातलं ओळखायला, बोलायला रोजचा वेगळा तासच ठेवला. चांगलंच केलं. पण रडू काही तासाची वाट बघून येत नाही.

12.40. आरडाओरडा. गुंडीवाल्याने शेजारच्याला ढकललं, पाटी फुटली. “बाई, ह्यानं माझं खोडरबर घेतलं!” “म्या नाई, खाली पडलं व्हतं!”

कितीतरी वर्षं अशा वेळी मी म्हणायचे, सॉरी म्हणा, हात मिळवा. मुलं मोठ्याने सॉरी म्हणायची आणि फाटकाबाहेर पुन्हा भिडायची. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं, ते योग्यच झालं. पण छडी गेल्यावर तिच्या जागी आम्ही जबरदस्तीची माफी आणून बसवली. त्यातून मूल खोटं बोलायला शिकतं.

आता दोघांना ओट्यावर बसवते. आधी पाणी. श्वास खाली बसेपर्यंत कोणी काही विचारायचं नाही. मग एकेकाने सांगायचं, काय झालं, तेव्हा तुला कसं झालं, त्याला कसं झालं असेल. गुंडीवाला बराच वेळ गप्प. मग खिशातली मूठ उघडली. गुलाबी, वासाचं खोडरबर, कोपरेसुद्धा न झिजलेलं. जायच्या दिवशी आईने बाजारातून आणून दिलेलं. ते तो वापरत नाही, वास घेतो.

दुसऱ्याने ते बघितलं. म्हणाला, “मला वाटलं, साधंच हाय.” थोड्या वेळाने स्वतःहून, “खिशात नको ठिवू, पडतंय. दप्तरात आतल्या कप्प्यात ठिव.” पाटी दोघांत एक वापरायची, हेही त्यांनीच ठरवलं. मी काही बोलले नाही.

1.30. खिचडी. चौथीच्या मुली वाढतात, आधी पहिलीतल्यांना. आमचा नियम असा की ताटात भसकन ओतायचं नाही, ‘अजून?’ असं विचारायचं, आणि ‘पुरे’ म्हटलं की डाव थांबवायचा. खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणतात, तेव्हापासून वाया कमी जातं.

2.15. परिसर अभ्यास, मग मैदानात लंगडी.

4.15. फोन. रोज तिघांचा नंबर, माझ्या मोबाइलवरून. पूर्वी मी मुलांना पढवायचे, रडू नको, आईला काळजी लागेल, अभ्यास करतोय म्हणून सांग. आता तसं नाही करत. भिंतीवरचा एक शब्द मनात धरून बोलायचं, एवढंच. आज गुंडीवाल्याचा नंबर. पलीकडे वारा, ट्रॅक्टरचा आवाज.

“आई, मला करमंना.”

बराच वेळ पलीकडून काहीच नाही. मग, “मला बी नाही करमत रे बाळा.”

तो रडला नाही. उलट त्याचा आवाज मोकळा झाला, आणि खोडरबर, पाटी, कोण कोणाला काय म्हणालं, सगळं त्याने एका दमात सांगितलं. शेवटी आईने विचारलं, “वास हाय का अजून त्याला?”

“हाय की. थोडा.”

5.00. घंटा. जाताना तो भिंतीपाशी थांबला, ‘करमत नाही’वर बोट ठेवून म्हणाला, “बाई, हे आईचं बी हाय.” मी खडूने त्या शब्दाखाली ‘आईचंपण’ असं लिहिलं आणि कुलूप घातलं. उद्या शनिवार, सकाळची शाळा. फोनची पाळी चौथीतल्या मुलींची.