रज्जु कीं सर्प ? : भूमिगत विजेची परीक्षा

वेदान्ताच्या पाठांत रज्जुसर्पाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. अंधारांत पडलेली दोरी पाहून मनुष्य तिला सर्प समजतो आणि भयभीत होतो. दिवा आणिला कीं भ्रम नाहींसा होतो. शिक्षकाच्या व्यवसायांत हा दृष्टांत मीं मुलांना किती वेळां सांगितला असेल, त्याची गणती नाहीं. परंतु गेल्या दिवाळींत माझ्या पुतण्यानें मला याच्या नेमकी उलट गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "काका, आमच्या धंद्यांत सापाला दोरी समजणारा मरतो, दोरीला साप समजणारा संध्याकाळीं घरीं जेवायला येतो."

तो मुंबईंत उच्च दाबाच्या भूमिगत केबली तपासणाऱ्या एका तुकडींत आहे. त्या दिवाळींत तो नरकचतुर्दशीच्या पहाटेऐवजीं पाडव्याला रनाळ्यास पोहोंचला, म्हणून घरांतील मंडळी त्याजवर रुसली होती. उशिराचें कारण सांगतां सांगतां त्यानें जें सांगितलें, तें सर्वच कुटुंबांनीं ऐकण्यासारखें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

आमच्या रनाळ्यास वीज डोक्यावरून येते. खांब दिसतो, तार दिसते. उधना-जळगांव लोहमार्गावरची पंचवीस हजार व्होल्टची तारही दिसते आणि लहान मूलसुद्धां तिच्याकडे बोट दाखवून 'तिकडे जाऊं नये' असें म्हणतें. मुंबई शहराची गोष्ट निराळी. तेथें १९०५ सालीं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. १९४७ च्या ऑगस्टांत ती महापालिकेच्या मालकीची झाली व आज 'बेस्ट' या नांवानें सर्वांस परिचित आहे. जुन्या शहरांतील तिचें वीजवाटप जमिनीखालून चालतें. २०१८ च्या फेब्रुवारींत घारापुरी बेटावर वीज पोहोंचली, तीही समुद्रतळावरच्या केबलींतूनच. आतां नव्या वसाहती व सौर प्रकल्प यांच्यामुळें लहान गांवांच्या जमिनींतही केबली पुरल्या जात आहेत. तेव्हां हा विषय केवळ मुंबईकरांचा राहिलेला नाहीं.

केबलीच्या मध्यभागीं तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वाहक असतो. त्यावर वीज अडविणारें जाड आवरण असतें. पूर्वीं तें तेलांत भिजविलेल्या कागदाचें असे व त्यावर शिशाची नळी चढवीत. आतां बहुधा विशेष प्रक्रिया केलेलें पॉलिएथिलीन वापरितात. त्यावर धातूचा पडदा, पोलादी तारांचें किंवा पट्ट्यांचें चिलखत आणि सर्वांत वर बाहेरची साल. भारतीय मानकाप्रमाणें अकरा हजार व्होल्टची केबल ९० सेंटिमीटर, तर तेहतीस हजारांची १०५ सेंटिमीटर खोल पुरावयाची असते. वर वाळूचा थर आणि विटा किंवा फरशा घालितात.

एवढा बंदोबस्त असतां परीक्षेची गरज काय, असें कोणी विचारील. परंतु दोन केबली जोडलेल्या ठिकाणीं, म्हणजे जॉइंटांत, ओल शिरते. कोणाची कुदळ सालीवर लागते. आवरणांत वर्षानुवर्षें सूक्ष्म विकृति वाढत जाते. शिवाय केबल तापते आणि ती उष्णता भोंवतालच्या मातीनें वाहून न्यावी लागते. माती कोरडी पडली कीं हें काम मंदावतें. म्हणून उन्हाळ्यांत भेगाळणाऱ्या आमच्या काळ्या जमिनींत केबलीभोंवतीं काय भरलें आहे, याला महत्त्व येतें. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरांत १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारींत एक लाख दहा हजार व्होल्टच्या चार मुख्य केबली एकापाठोपाठ एक निकामी झाल्या, आणि शहराचा मध्यभाग सुमारें पांच आठवडे सुरळीत विजेस मुकला. न दिसणारी वस्तु विसरली जाते, याचें हें मोठें उदाहरण होय.

आतां परीक्षा कशी करितात तें पाहूं. ती दोन प्रकारची. पहिली केबल चालू असतांना, स्पर्श न करितां, ठरविलेल्या अंतरावरून. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानें केबलीचीं उघडीं टोकें व जोडण्या पाहतात. जेथें जोडणी सैल, तेथें अधिक ऊब दिसते. मनुष्याच्या कानास न ऐकूं येणारी बारीक चुरचुर यंत्रानें ऐकतात. आवरणांत विजेची गळती सुरू झाल्याची ती खूण असते. दुसरी परीक्षा केबल बंद करून. तींत केबलीवर मुद्दाम दाब देऊन आवरणाचें सामर्थ्य अजमावितात. या दुसऱ्या प्रकारांतच माणसें जवळ जातात, म्हणून खरी कसोटी येथें लागते.

न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं साधनें म्हणून प्रमाणें सांगितलीं आहेत. या धंद्यांत तीं सर्व येतात, पण सर्वांचें मोल सारखें नाहीं. 'लाइन बंद केली आहे' असें कोणीं दूरध्वनीवरून सांगितलें, तें शब्दप्रमाण. नकाशावरून 'मधली केबल आपली' असें ठरविलें, तें अनुमान. यंत्र लावून वीज नसल्याचें पाहिलें, तें प्रत्यक्ष. पुतण्यानें स्वतः पाहिलेली हकीकत अशी : एका चरांत तीन केबली शेजारीं शेजारीं, रंगानें व जाडीनें अगदीं सारख्या. निरोप आला, 'तुमची बंद आहे.' नकाशा म्हणे, मधली. करवत तयार होती. तुकडींतील एक वयस्कर जोडारी मात्र अडून बसला. 'खूण पटल्याशिवाय मी करवत लावणार नाहीं,' म्हणाला. दूरच्या टोंकाकडून बंद केबलींत खुणेचा संकेत सोडण्यांत आला, तो तिसऱ्या केबलींत उमटला ! मधली त्या क्षणीं चालू होती. नकाशा रस्ता रुंद होण्यापूर्वींचा होता. मग तिसऱ्या केबलींतही दुरून चालणाऱ्या यंत्रानें पोलादी खिळा ठोकून ती निर्जीव असल्याची खात्री केली आणि नंतरच ती कापली.

या खिळ्यावरून एक जुनी गोष्ट आठवते. १८९० च्या सुमारास फेरांटी या इंजिनियरानें डेप्टफर्डहून लंडन शहरांत दहा हजार व्होल्टची केबल नेली. तिच्या निर्धोकपणाविषयीं अधिकाऱ्यांची खात्री पटावी म्हणून चालू केबलींत छिन्नी ठोकून दाखविली गेली, आणि ती छिन्नी त्याच्या सहकाऱ्यानें हातांत धरली होती ! बाहेरचा वाहक जमिनीस जोडलेला असल्यानें तो वांचला. आज खिळा तोच आहे, पण तो धरणारा हात तेथें नसतो. शंभरांहून अधिक वर्षांत आलेलें शहाणपण तें हेंच.

केबल ओळखली म्हणजे झालें असें नाहीं. ती सर्व बाजूंनीं तोडावी लागते, कारण वीज दुसऱ्या टोंकानेंही येऊं शकते. स्विचास कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्यानें स्वतःजवळ ठेवावयाची. तपासणीचें यंत्र आधीं चालू विजेवर लावून पाहावयाचें, मग केबलीवर, आणि पुनः चालू विजेवर. म्हणजे प्रमाणाचेंही प्रमाण घ्यावयाचें. तरीही लांब केबल बंद झाल्यावर आपल्या पोटांत विद्युत् सांठवून ठेविते. म्हणून विरोधक दांड्यानें तिला जमिनीशीं जोडून ती सांठवण रिती करितात, व काम संपेपर्यंत ती जोडणी ठेवितात. मग लेखी परवाना मिळतो. जमिनीखालच्या कोठडींत उतरावयाचें असल्यास आधीं तेथील हवा तपासतात. प्राणवायु १९.५ टक्क्यांहून कमी असेल किंवा विषारी वायु आढळेल, तर कोणीही उतरत नाहीं. आणि एक माणूस नेहमीं वर उभा राहतो. खालचा बेशुद्ध पडला तर वरच्यानें उडी घ्यावयाची नसते, हा नियम ऐकावयास कठोर, पण अनुभवाचा आहे.

गृहस्थानेंही कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अंगणांत किंवा रस्त्याकडेला खणण्यापूर्वीं वीज कचेरींत विचारावें. खणतांना इशाऱ्याची पट्टी, वाळू किंवा ओळीनें मांडलेल्या विटा दिसल्या, तर कुदळ थांबवावी. केबलीस धक्का लागलाच, तर दोन्ही पाय जवळ ठेवून, पावलें न उचलतां सरकत दूर व्हावें, इतरांस रोखावें आणि १९१२ या क्रमांकावर कळवावें. रस्त्यावरील विजेच्या पेटीजवळ मुलांना खेळूं देऊं नये.

आतां पुतण्याच्या उशिराविषयीं. त्या रात्रीं काम संपलें होतें, पण परवाना घेतलेल्यांपैकीं एका माणसाची सही राहिली होती. तो माणूस सांपडेपर्यंत कुलूप उघडलें नाहीं, आणि याची गाडी चुकली. अंधारांत बसलेले नागरिक तिकडे दूरध्वनीवरून तक्रारी करीतच होते. हें ऐकून मला माझी लाज वाटली. कारण आमच्या गांवची वीज गेली कीं पांच पांच मिनिटांनीं वायरमनला 'केव्हां येणार?' म्हणून विचारणाऱ्यांत मीही असतों. आपल्या घाईचा भार कोणाच्या तरी हातांवर पडतो, हें आपल्या ध्यानांतच येत नाहीं.

वहिनींनीं मुलाच्या ताटांत करंजी वाढली व म्हणाल्या, "पुढल्या वर्षींही उशीर झाला तर होऊं दे." घरांत त्याजवर रुसलेलें मग कोणी उरलें नाहीं.