आकड्याचा शेजार

बुलढाणा जिल्ह्यात सर्वांत जास्त माणसं जे माहितीचित्र वाचतात, ते संगणकावर तयार होत नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावाबाहेर, शेतात, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी ते जमिनीवर मांडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाचलं जातं. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही घटमांडणी साडेतीनशे वर्षांची असल्याचं सांगतात. अठरा धान्यांचं वर्तुळ, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी. पानविडा म्हणजे राजा, करंजी म्हणजे तिजोरी, मसूर म्हणजे शत्रू, भादली म्हणजे रोगराई. रात्रीतून कुठलं ढेकूळ किती भिजलं यावरून त्या महिन्याचा पाऊस सांगायचा, आणि कुठल्या धान्याचे दाणे जागचे हलले यावरून त्या पिकाचं भवितव्य. या भाकितामागे विज्ञान नाही. कृषी शास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यावर घेतात तो आक्षेप रास्तच आहे. पण भाकीत बाजूला ठेवून नुसती रचना पाहिली, तर आकडेवारीची चित्रं काढायला शिकणाऱ्यानं अभ्यासावी अशी ती आहे. प्रत्येक चिन्हाची जागा ठरलेली, अर्थ ठरलेला, दरवर्षी तोच. अठरा पिकं आणि चार महिने एवढा पसारा एका नजरेत मावतो. ‘खेड्यातल्या माणसाला आलेख कळत नाहीत’ हे वाक्य सरकारी बैठकांत ज्या सहजतेनं टाकलं जातं, त्याला ती पहाटेची गर्दी हे पुरेसं उत्तर आहे. न कळण्याचं खापर बहुतेक वेळा वाचणाऱ्याच्या शिक्षणावर फुटतं, काढणाऱ्याच्या आळसावर फुटत नाही.

या चित्रात एकच गोष्ट नाही, आणि तीच महत्त्वाची आहे. गेल्या वर्षीच्या चार ढेकळांनी काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात किती मिलिमीटर पडला, हे त्याच्या शेजारी कुठेही मांडलेलं नसतं. महसूल मंडळांच्या पर्जन्यमापकांवर रोजचा पाऊस नोंदला जातो; त्यामुळे वर्ष, महिना, सांगितलं काय, पडला किती असा चार रकान्यांचा तक्ता कुणालाही करता येईल. तो केला की पहिली अडचण लगेच पुढे येते. ‘साधारण’, ‘कमी-जास्त’, ‘काही ठिकाणी’ या शब्दांसमोर कुठला आकडा लिहायचा? कुठलाही पाऊस त्यांत बसतो. म्हणजे चित्र डोळ्यांना कितीही स्पष्ट असलं, तरी ते तपासता येत नाही. श्रद्धेच्या गोष्टीला असा तक्ता लावणं उद्धटपणाचं आहे असं कुणी म्हणेल. दुसरा म्हणेल, मुळात तिची आकडेवारीशी तुलना करणं म्हणजे तिला नसती प्रतिष्ठा देणं. पहिल्याला उत्तर असं, की या भाकितावर पेरणीचे निर्णय घेणारे शेतकरी आहेत, आणि बियाण्याला पैसे लागतात. दुसऱ्याला उत्तर असं, की सरकारी आकडेवारी नेमकी याच ठिकाणी, वेगळ्या कारणानं, लंगडी पडते. भेंडवळला रचना आहे, नोंदींचा ताळा नाही. जिल्हा कचेरीत नोंदींचे गठ्ठे आहेत, रचना नाही. या दोहोंच्या मधली जागा म्हणजे माहितीचित्रणाची विद्या. ती रंगांपासून किंवा सॉफ्टवेअरपासून सुरू होत नाही. आकड्याला शेजार कुणाचा द्यायचा, या निवडीपासून ती सुरू होते. एकट्या आकड्याला अर्थ नसतो.

जिल्ह्याच्याच एका आकड्यावर हे घासून पाहू. शून्य ते सहा वर्षे वयाच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे प्रमाण बुलढाणा जिल्ह्यात २००१च्या जनगणनेत ९०८ होतं. २०११मध्ये ते ८५५ झालं. २०१५च्या जानेवारीत ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना देशातल्या शंभर जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातले दहा जिल्हे होते आणि बुलढाणा त्यांपैकी एक. आता या दोन आकड्यांचे दोन स्तंभ काढायचे आहेत. पुस्तकी नियम सांगतो, स्तंभ शून्यापासून उभा करा. तसा केला तर दुसरा स्तंभ पहिल्यापेक्षा जेमतेम सहा टक्क्यांनी बुटका दिसतो. बघणारा म्हणतो, फार काही बिघडलेलं नाही. कुणी हुशारीनं पट्टी ८००पासून सुरू करतो. मग पहिला स्तंभ १०८चा, दुसरा ५५चा, आणि मुली निम्म्या झाल्याचा भास. पहिल्या चित्रात नियम पाळून खोटं बोललं आहे, दुसऱ्यात नियम मोडून. दोघांनीही विचारायला हवं होतं तो प्रश्न वेगळाच आहे: माणसानं हस्तक्षेप केला नसता तर हा आकडा किती असता? जगभरच्या नोंदींवरून मुलींचं जन्माच्या वेळचं नैसर्गिक प्रमाण हजारी ९५०च्या आसपास येतं. ती रेषा आडवी आखा आणि तिच्याखालची तूट मोजा. २००१मध्ये तूट ४२, २०११मध्ये ९५. दहा वर्षांत दुपटीहून जास्त. इथे आलेखाचा पाया शून्यही नाही आणि चित्र काढणाऱ्याच्या सोयीचा आकडाही नाही. तो विषयातूनच निघालेला आहे. ‘शून्यापासून सुरुवात’ हा नियम चुकीचा नाही, पण तो जिथे शून्याला अर्थ आहे तिथला आहे. पावसाला शून्य असतं, सोयाबीनच्या उताऱ्याला असतं. लिंगगुणोत्तराच्या बाबतीत शून्याशी तुलना करून कुणालाच काही कळत नाही.

योग्य शेजाराचं एक जुनं उदाहरण पाहू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव माहितीचित्रणात नेहमी घेतलं जातं ते त्यांच्या पाकळ्यांच्या गोल आकृतीसाठी. ती आकृती देखणी आहे यात शंका नाही. पण १८५८मधल्या त्यांच्याच दुसऱ्या, साध्या पट्ट्यांच्या चित्रात जास्त धार आहे, असं मला वाटतं. युद्ध नसताना, इंग्लंडमधल्याच बराकींत राहणाऱ्या सैनिकांचे मृत्यू त्यांनी त्याच वयोगटातल्या नागरी पुरुषांच्या मृत्यूंशेजारी ठेवले. निवडून घेतलेले धडधाकट तरुण, आणि तरी त्यांच्या पट्ट्या प्रत्येक वयोगटात लांब. सैनिकांचा आकडा एकटा छापला असता, तर सैन्यात माणसं मरायचीच असं म्हणून तो बाजूला पडला असता. समवयस्क नागरिकांशेजारी तो ठेवल्यावर प्रश्न बराकींच्या हवेचा आणि गटारांचा झाला.

आता चुकीच्या शेजाराचं उदाहरण. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेतच ग्रामपंचायतींबाहेर गुड्डा-गुड्डी फलक लावायचे ठरले: या महिन्यात गावात मुलगे किती जन्मले, मुली किती. कल्पना उत्तम आहे, कारण आकडा फायलीतून चावडीवर येतो. पण वर्षाला वीस जन्म होणाऱ्या गावाचा विचार करा. दहा मुलगे, दहा मुली झाल्या तर प्रमाण १०००. एका घरी मुलीऐवजी मुलगा झाला तर अकरा-नऊ, म्हणजे ८१८. उलट झालं तर १२२२. एका बाळंतपणानं गाव कलंकित ठरतं किंवा सत्काराला पात्र होतं, आणि दोन्हींत गावाची करणी काहीच नसते. नाणं वीस वेळा उडवलं तरी अकरा-नऊ अगदी सहज पडतं. त्याहून अवघड गोष्ट नोंदणीची. जन्माची नोंद जन्म जिथे झाला त्या ठिकाणी होते. प्रसूती खामगावच्या किंवा शेगावच्या दवाखान्यात झाली, तर नोंद तिकडे. गावच्या रजिस्टरवरून फलक भरला तर गावातली बहुतेक बाळं त्यात दिसणारच नाहीत. फलक खरा ठेवायचा तर आशा सेविकेच्या यादीवरून, आईच्या गावाप्रमाणे भरावा लागतो. आणि त्यावर गुणोत्तर लिहू नये. प्रत्येक बाळामागे एक बाहुली काढावी, सारख्याच मापाची, आणि या वर्षाच्या ओळीखाली मागल्या चार वर्षांच्या ओळी पुसू नयेत. पाच ओळींत जो कल दिसेल तो बोलण्याजोगा. गुणोत्तराचा आकडा तालुक्याच्या पातळीवर, हजारो जन्मांवर काढावा. सारख्या मापाची बाहुली हा आग्रह नवा नाही. १९२०च्या दशकात व्हिएन्नात ओटो नॉयराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रभाषा घडवली, तिचा पायाच हा होता, की संख्या मोठी असेल तर चित्र मोठं करायचं नाही, चित्रांची संख्या वाढवायची. उंची दुप्पट केली की चित्राचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि डोळा क्षेत्रफळाला भुलतो. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांतले लहान-मोठे पुतळे पाहिले की हा धडा अजून पुष्कळांनी गिरवायचा आहे हे कळतं.

बुलढाण्यापुरता आणखी एक शेजार सतत हरवतो, तो घाटाचा. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा, २०११मध्ये सुमारे २५ लाख ८६ हजार लोकसंख्येचा, कागदावर एक आहे. बोलण्यात मात्र लोक ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन जिल्हे मानतात. घाटाखाली पूर्णेचं खोरं, काळी खोल जमीन, खारपाणपट्टा, पलीकडे सातपुडा. ते पाणी तापीला जातं. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. तिथल्या पैनगंगेचं आणि खडकपूर्णेचं पाणी शेवटी गोदावरीला. अशा जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढणं गणिताला मान्य आहे, शेताला नाही. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागात पावसानं हाहाकार केला, त्या दिवशीची जिल्ह्याची सरासरी पाहणाऱ्याला त्यातलं काय दिसणार? शासनाचा स्वतःचा निकषही सरासरीवर चालत नाही: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पडला तर ती अतिवृष्टी. म्हणजे नुकसानभरपाईचा निर्णय मंडळावर, आणि बातमीतला आकडा जिल्ह्याचा. इथे योग्य चित्र म्हणजे तेरा तालुक्यांचे तेरा छोटे आलेख, एकाच मापाच्या पट्टीवर, घाटावरचे वरच्या ओळीत आणि घाटाखालचे खालच्या ओळीत. नकाशा रंगवण्यापेक्षा हे बरं. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४मध्ये प्रयोग करून दाखवलं की समान पट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक वाचतो. कोन, क्षेत्रफळ आणि रंगाची छटा यांत तो चुकत जातो. म्हणूनच पाय चार्ट एवढा लोकप्रिय का, हे कोडं आहे. त्यातून ग्रामपंचायतीत जाणारा कागद झेरॉक्स होऊन जातो. तांबडा आणि हिरवा दोन्ही करडे होतात. चित्र आधी काळ्या-पांढऱ्यात वाचता येतं का हे पाहणं ही साधी कसोटी पुरेशी आहे.

साधनांविषयी एवढंच, की ती आता फुकट मिळतात आणि आकडे दिले की काही सेकंदांत दहा प्रकारचे आलेख समोर टाकतात. म्हणून ही विद्या शिकायची गरजच उरली नाही असं मानणारे वाढत आहेत. पण यंत्राला ९०८ आणि ८५५ दिले तर ते दोनच स्तंभ काढेल. ९५०ची रेषा ते आपणहून ओढेलच असं नाही, आणि खामगावला जन्मलेलं बाळ गावच्या यादीत नाही हे त्याला कोण सांगणार? शिकणाऱ्यानं आधी कागदावर, हातानं, मोजक्या आकड्यांचे चार-पाच वेगवेगळे आराखडे काढून, विषय न सांगता कुणाला तरी दाखवावेत आणि ‘यात काय दिसतं?’ एवढंच विचारावं. उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं आलं तर वाद घालू नये, चित्र बदलावं.

या साऱ्या मांडणीवर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की शेजार निवडणं म्हणजे बाजू घेणंच. ९५०ची रेषा आखणारा आधीच निकाल देऊन बसलेला आहे. त्यापेक्षा नुसता तक्ता द्यावा आणि वाचकाला ठरवू द्यावं. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. दुसरा नाही, कारण तक्ताही शेजार निवडूनच तयार होतो. तालुके वर्णानुक्रमानं लावले की घाट पुसला जातो. मागचं वर्ष शेजारी घेतलं की दहा वर्षं पुसली जातात. निवड टळत नाही, ती फक्त लपते. लपलेल्या निवडीपेक्षा चित्राखाली एका ओळीत लिहिलेली निवड बरी: रेषा कशाची, आकडे कुठले, कोणत्या सालचे, काय वगळलं आहे. ती ओळ वाचून कुणाला दुसरी रेषा आखावीशी वाटली तर त्यानं जरूर आखावी.

हा वाद लवकरच प्रत्यक्षात येणार आहे. २०२१ची जनगणना झाली नाही. पुढची २०२७ची ठरली आहे, आणि तिच्यातून बुलढाण्याचं बालकांमधलं नवं प्रमाण येईल. समजा, केवळ समजा, ते ८८० आलं. ८५५च्या शेजारी ठेवलं तर पंचविसांची वाढ, वर जाणारा हिरवा बाण, जाहिरातीत शोभेल असा. २००१च्या ९०८शेजारी ठेवलं तर अजून अठ्ठावीस कमी. ९५०शेजारी ठेवलं तर सत्तरांची तूट. तिन्ही चित्रं एकाच खऱ्या आकड्याची असतील, आणि जिल्हा परिषदेच्या दारात त्यांतलं एकच लागेल.